गिरणीत शूट केलेली विनोदी वेबमालिका : नऊ सोमवार, साडेचव्वेचाळीस हजार रुपये

कृष्णाकाठ

मंडळी, गेल्या वर्षभरात आम्ही सहा मित्रमैत्रिणींनी सांगलीत एक विनोदी वेबमालिका केली. पाच भाग, एकेक आठ ते अकरा मिनिटांचा. चार हातावेगळे झालेत, पाचव्याचं एडिटिंग चालू आहे. सगळा मिळून खर्च ४४,५०० रुपये. ओळखीतले बरेच जण हे कसं जमवलं म्हणून विचारतात, तेव्हा एकदाच सगळं लिहून काढतो. ज्यांना असं काही करायचंय त्यांनी मोकळेपणाने विचारा. ज्यांनी आधी केलंय त्यांनी आमचं कुठे चुकतंय ते सांगा, पाचवा भाग अजून हातात आहे.

आधी जागेबद्दल. आमची पहिली संहिता भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तीन मित्रांची होती. वाचन झालं, सगळे हसले, आणि आमची लेखिका म्हणाली, "हे मी आधी बघितलंय." खरंच होतं. २०१४-१५ पासून हिंदीत आणि २०१६ पासून भाडिपा या यूट्यूब चॅनेलमुळे मराठीत आपण फ्लॅटमधली, शहरातली तरुण मुलं भरपूर पाहिली. ते ज्यांचं होतं त्यांनी ते छान केलं. आमच्या रोजच्या बघण्यातलं काय, असा शोध सुरू झाला आणि विषय गिरणीवर आला.

आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. तिथे प्रत्येक घरातून कुणी ना कुणी डबा घेऊन येतंच, त्यामुळे पात्रं एकत्र का आली याचं कारण शोधावं लागत नाही. रांग लागली की बोलणं आपोआप सुरू होतं. शिवाय भांडणाला विषय तयार असतात. नवरात्राच्या आदल्या दिवशी उपवासाचं दळण आधी की गव्हाचं, माझ्या ज्वारीत मागच्याचं बेसन आलं, बारीक सांगितलं होतं आणि जाडसर दिलं. आमचा दुसरा भाग पूर्ण त्या उपवासाच्या दळणावर आहे आणि त्यातली निम्मी वाक्यं आम्ही रांगेत उभं राहून ऐकलेली आहेत.

गिरणीवाल्या तात्यांनी सोमवार दिले, कारण त्या दिवशी गिरणीला सुट्टी असते. दगडाला टाकी लावायची असली तर तेही त्याच दिवशी, म्हणून दोन सोमवार आम्हाला दुपारनंतरच मिळाले.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. पहिल्या भागाचा सगळा डोलारा एका प्रसंगावर होता. गिरणी घरघरतेय, दोघी बायका एकमेकींच्या कानाशी ओरडून बोलताहेत, आणि तात्या अचानक गिरणी बंद करतात. शांततेत एकीचं अर्धं वाक्य सगळ्या रांगेला ऐकू जातं. आम्हाला वाटलं, हे हमखास हसवणार. तात्यांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आसं हुईत न्हाई." मग त्यांनी आम्हाला एका मंगळवारी सकाळी गिरणीत उभं केलं आणि नुसतं बघायला सांगितलं.

बटण बंद केल्यावर गिरणी एकदम थांबत नाही. पट्टा फिरत राहतो, दगड फिरत राहतो, आवाज जाड होत होत खाली बसतो. आम्ही घड्याळ लावून मोजलं, नऊ सेकंद. आणि त्या नऊ सेकंदांत रांगेतली प्रत्येक बाई आपला आवाज गिरणीबरोबर खाली आणते. कुणी ठरवून करत नाही. वाक्य न तोडता ओरडण्यावरून बोलण्यावर, बोलण्यावरून कुजबुजण्यावर. तात्या म्हणाले, "पट्टा उतरला की गिऱ्हाइकाचा आवाज उतरतो. वरसानुवरसाची सवय हाय."

म्हणजे आमचा प्रसंग खोटा होता. पण खरा प्रसंग त्यातच सापडला. ज्याला गिरणीची सवय नाही, त्याचा आवाज उतरणार नाही. म्हणून मुंबईहून सुट्टीला आलेली, कायम पिशवीतलं तयार पीठ वापरणारी मावशी आली. आवाज खाली बसतोय, सगळ्या रांगेचं बोलणं खाली बसतंय, आणि मावशी वरच्या पट्टीतच भाचीला सांगतेय, "घरी बोलू नकोस, गौरीजेवणाच्या पुरणपोळ्या मी विकत आणल्या होत्या!" आतापर्यंत ज्यांना दाखवलं त्यातला एकही माणूस इथे गप्प बसलेला नाही.

हे शूट कसं केलं तेही सांगतो, कारण गिरणी चालू ठेवून संवाद रेकॉर्ड होत नाहीत. गिरणी बंदच होती. दळणाचा खरा आवाज आधी रेकॉर्ड करून घेतला आणि तालमीत मोठ्या स्पीकरवर लावला. त्यामुळे किती ओरडायचं, मान किती जवळ न्यायची, कानावर हात कधी ठेवायचा हे अंगात भिनलं. टेकच्या वेळी स्पीकर बंद आणि नट त्याच पट्टीत बोलणार. नंतर एडिटमध्ये गिरणी खाली घातली. बोलणाऱ्याचा घसा ताणला गेला नाही तर प्रेक्षकाला लगेच कळतं की आवाज वरून चिकटवलाय.

प्रकाशाचा त्रास पहिल्या दिवशी झाला. गिरणीत जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आहेत. कॅमेरा ऑटोवर होता, चित्रात आडवे पट्टे फिरायला लागले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० आणि सेकंदाला २५ फ्रेम ठेवल्यावर पट्टे गेले. बाकी दारातून येणारं ऊन आणि समोर थर्माकोलचे दोन शीट, एवढ्यावर चार भाग झाले. सकाळी नऊ ते साडेदहा दारातून उन्हाचा तिरका पट्टा आत येतो आणि त्यात पिठाचे कण तरंगताना दिसतात. तसा प्रकाश भाड्याने मिळत नाही. त्या दीड तासात आम्ही फक्त क्लोजअप घेतले.

पैसे असे गेले. जेवण-नाश्ता-चहा १४,२००, आवाजाचं सामान ११,५००, तात्यांना ६,०००, हार्ड डिस्क ५,३००, पेट्रोल आणि टेम्पो ४,१००, लाइट आणि किरकोळ ३,४००. कॅमेरा आमच्यातल्या एकाचा, तो लग्नाचे फोटो काढतो. जेवणाचा आकडा बघून कुणी कपात सुचवू नये. अकरा माणसं दिवसभर उभी असतात. साडेबाराला गरम जेवण मिळालं की दुपारचे टेक नीट होतात, हे नऊच्या नऊ सोमवारी पाहिलं.

---

तालीमवेडा

गिरणीबरोबर आवाज उतरतो हे वाचून मी वाचायचा थांबलो आणि आमच्या गावची गिरणी आठवली. आई अगदी असंच बोलायची! वर्षानुवर्षं ऐकलं आणि कधी लक्षातच आलं नाही.

सांगलीकर आहात, तर नट हौशी नाटकातले असणार. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे पहिलं नाटक केलं त्या गावात नटांची वाण नाही. पण स्टेजवरचा नट कॅमेऱ्यासमोर मोठा वाटतो. ते कसं सांभाळलंत? आणि तालमी किती केल्या? मी कॉलेजात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेला दोन वर्षं होतो. तिथे एका एकांकिकेसाठी महिना-दीड महिना घासायचो. वेबमालिका करणारी बरीच मंडळी तालीमच करत नाहीत आणि मग विनोद एडिटमध्ये शोधत बसतात.

---

कृष्णाकाठ

@तालीमवेडा, अठरा तालमी केल्या, सगळ्या गच्चीवर. खडूने गिरणी काढली होती, मोजमाप घेऊन: इथे दगड, इथे तोलकाटा, इथे डब्यांची रांग. पहिल्या सोमवारी आत गेलो तेव्हा कुणाला कुठे उभं राहायचं हे सांगावं लागलं नाही.

स्टेजच्या आवाजाचा प्रश्न गिरणीमुळे उलटा सुटला, कारण तिथे ओरडणंच खरं आहे. अवघड गेले ते शांत प्रसंग. एक काका पस्तीस वर्षं नाटकात काम करतात. त्यांना आम्ही इतकंच सांगितलं, "काका, प्रेक्षक पाटावर बसलाय आणि तुम्ही त्याला वाढताय." पुढच्या वाचनात आवाज निम्म्यावर आला.

विरामांचं मात्र वेगळं करावं लागलं. नाटकात हशा आला की नट थांबतो, इथे थांबवायला कुणी नाही. म्हणून शेवटच्या दोन तालमींना गल्लीतली बारा-पंधरा माणसं बोलावली आणि कुठे हसतात, किती वेळ हसतात ते संहितेच्या समासात लिहून घेतलं. मावशीच्या वाक्यानंतर आम्ही एक सेकंद सोडला होता. लोक त्या वेळी अजून एकमेकांकडे बघत होते, हसू त्यानंतर आलं. आता तिथे ६२ फ्रेम आहेत, म्हणजे जवळपास अडीच सेकंद. त्या वेळात कुणी बोलत नाही, फक्त भाची डब्याचं झाकण लावते. मग तात्यांचं पात्र विचारतं, "डबा कुणाचा?" ४० फ्रेम ठेवून पाहिल्या, घाई वाटली. ७५ ठेवल्या तर माणूस पुढच्या वाक्याची वाट बघायला लागतो.

---

आवाजमित्र

आवाजावर साडेअकरा हजार खर्च केलेत हे वाचून बरं वाटलं. मी याच कामात आहे. विनोदात शब्द कळला नाही तर सगळी मेहनत गेली. चित्र थोडं हललं तर लोक सोडून देतात, वाक्य निसटलं तर मालिका सोडून देतात. सामान काय वापरलंत? मोबाइलवर काही घेतलंय का? असेल तर लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज सरकलेत का ते बघा.

---

कृष्णाकाठ

एक जुना हँडी रेकॉर्डर विकत घेतला, बोया कंपनीचे वायरवाले कॉलर माइक तीन आणि एक छोटी बूम (माइक धरायची काठी). वायर सहा मीटरची असल्यामुळे पदराखालून, डब्यांमागून नेता येते.

सरकण्याबद्दल तुम्ही बरोबर ओळखलंत. तिसऱ्या भागात दुसरा कॅमेरा म्हणून मोबाइल होता. बारा मिनिटांच्या टेकमध्ये सुरुवातीला जुळवलं तर शेवटी ओठ पुढे आणि आवाज मागे. सगळं तुकड्यातुकड्यात हाताने जुळवलं, चार रात्री गेल्या.

---

आवाजमित्र

मोबाइल प्रकाशानुसार फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे हे होतं. पुढच्या वेळी ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप वापरा, फुकट आहे, त्यात २५ फ्रेम पक्क्या बसवता येतात. जे आधीच घेतलंय ते एडिटमध्ये घेण्याआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून घ्या, तेही फुकट. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, ४४.१ वर नको. आणि प्रत्येक जागेचा निदान अर्धा मिनिट नुसता शांततेचा आवाज घ्या. गिरणी बंद असली तरी त्या खोलीला स्वतःचा आवाज असतो, पत्रा तापतो, बाहेर रिक्षा जाते. तुमच्या अडीच सेकंदांत तो नसेल तर तिथे भोक पडल्यासारखं वाटेल. विरामात आवाज हवाच, फक्त माणसांचा नको.

---

एमआयडीसीवाला

कौतुक आहेच, पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. हवेत उडालेलं पीठ पेट घेतं. कोंडलेल्या जागेत त्याचा स्फोटही होतो. धान्याच्या कोठारांत आणि पिठाच्या कारखान्यांत असे अपघात जगभर झालेत. ऊन छान दिसतंय म्हणून कुणी मूठभर पीठ उधळून शॉट घेत असेल तर जवळ हॅलोजन, उदबत्ती, सैल सॉकेट काही नको. आणि पट्ट्याजवळ ओढणी, पदर, लोंबणारी माइकची वायर अजिबात नको, गिरणी बंद असली तरी. कुणी चुकून बटण दाबलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

---

कृष्णाकाठ

मनापासून आभार. तात्यांचीही पहिली अट हीच होती. शूटच्या दिवशी ते पट्टा पुलीवरून उतरवून ठेवायचे आणि मेन स्विचची पेटी बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात. पट्टा दिसायला हवा अशा शॉटला तो नुसता टांगला. पीठ उधळलं नाही, झाडलोट केल्यावर जे उडतं तेवढंच. पण स्फोटाचं आम्हाला कुणालाही माहीत नव्हतं. एका सोमवारी तिथे उदबत्ती लावली होती, हे आता वाचून अंगावर काटा आला.

---

मिरजकरीण

पुरणपोळ्यांचं वाक्य मला फार आवडलं आणि का आवडलं ते सांगते. मावशी स्वतःचंच गुपित फोडते. आपल्याकडच्या बहुतेक विनोदी मालिकांत अशा जागी सून सापडते: तिला स्वयंपाक येत नाही, ती जाडी आहे, ती फोनवर असते. बायका रांगेत उभ्या केल्या की लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचतच नाही. तुम्हाला हे पहिल्यापासून असंच सुचलं होतं का?

---

कृष्णाकाठ

नाही, ताई. पहिल्या खर्ड्यात तिथे सूनच होती. "डाएटवर हाय म्हणती आन् रात्री बाराला फ्रीज उघडती" असं वाक्य होतं, आणि वाचनात त्यावर हशाही आला होता. जी मैत्रीण भाचीचं काम करते तिने मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, "हे वाक्य मला घरी ऐकावं लागतं. मी तिथे उभी राहून हसू शकणार नाही." त्या रात्री वाक्य काढलं. नंतर पाचही भाग त्या नजरेने परत वाचले आणि अजून तीन जागा सापडल्या. प्रत्येक ठिकाणी बोलणाऱ्यालाच काहीतरी लपवायला दिलं. विनोद कमी झाला नाही, पात्रांना वजन आलं.

---

फुकट_नको

सगळं वाचलं. एक टोचलं. ४४,५०० मध्ये कलाकारांना काही नाही, कॅमेरा मित्राचा म्हणून शून्य. लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा हे त्याचं पोटापाण्याचं साधन आहे. नऊ दिवस तो धंद्याला लागला नाही. 'मित्र आहे' म्हटलं की खर्चाचा आकडा लहान दिसतो, आणि नवीन मुलं हाच आकडा धरून दुसऱ्यांना फुकट बोलावतात.

---

कृष्णाकाठ

तुमचं म्हणणं मान्य आहे आणि ते मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. ४४,५०० हे खिशातून गेलेले पैसे. कॅमेरा, सहा जणांचे दिवस, काकांचे आणि बाकीच्या नटांचे दिवस धरले तर बाजारभावाने हा आकडा काही पटींनी वाढेल. वाचणाऱ्यांनी तसाच वाचावा.

आम्ही केलं ते इतकंच की कॅमेरावाल्या मित्राचं लग्नाचं काम असेल त्या तारखेला शूट ठेवलं नाही. लग्नसराईत म्हणून सात आठवडे काम बंद होतं. आणि वहीत लिहून ठेवलंय की पहिलं उत्पन्न येईल त्यातून आधी त्याच्या कॅमेऱ्याचं नऊ दिवसांचं भाडं, मग नटांचं मानधन, मग आम्ही सहा जण. त्याखाली सगळ्यांच्या सह्या आहेत.

---

कोर्टाची_पायरी

वहीतल्या सह्यांबद्दल. उत्पन्नाची वाटणी लिहिलीत ते उत्तम, पण संहिता कुणाची, चित्रीकरण कुणाचं, चॅनेल कुणाच्या खात्यावर, हे लिहिलंय का? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याकडे द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात, तोंडी चालत नाही. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या मालिका परदेशात किंवा एखाद्या मंचावर द्यायची वेळ आली तर नेमकं इथेच अडतं. मैत्री चांगली असताना लिहायला बसा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि चॅनेल एकाच्या खासगी मेलवर ठेवू नका, दोघातिघांना व्यवस्थापक करून ठेवा.

लेखिकेने संहिता मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवली तर तारखेचा पुरावा राहतो. सभासद होऊन ऑनलाइन करता येतं.

अजून एक: गिरणीत रेडिओ लागलेला असतो का?

---

कृष्णाकाठ

असतो! पण आमचा एक टेक गेला तो दुसऱ्याच गाण्यामुळे. सोमवारी शेजारच्या सलूनमध्ये गाणं लागलं होतं, बारीक आवाजात का होईना माइकमध्ये आलं. चाचणीसाठी खासगी ठेवून अपलोड केलं तर लगेच गाण्याच्या मालकाचा दावा लागला. तो प्रसंग परत शूट केला. आता सलूनवाल्या भाऊंना चहा पाठवतो आणि ते तेवढा वेळ आवाज बंद ठेवतात.

चॅनेल माझ्या मेलवर आहे. आजच बदलतो.

---

ओवीवेचक

शीर्षकगीताचं काय केलंत? गिरणी म्हटल्यावर माझ्या मनात जात्यावरच्या ओव्याच येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ऐकायला आणि वाचायला मिळतात. घरातली दगडी जाती गेली, गिरण्या आल्या आणि बायकांचं ते एकटीचं गाणं थांबलं. पण मला तुमचा लेख वाचून वाटलं की ते बोलणं रांगेत आलं. सासर, माहेर, भाऊ, लेक, विषय तेच आहेत.

---

कृष्णाकाठ

तुम्ही लिहिलेलं आमच्या लेखिकेला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती.

शीर्षकाला तिच्या आजीचा आवाज आहे. आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या. त्यांना ओव्या येतात, पण नुसत्या म्हणून दाखवा म्हटलं तर आठवेनात. मग माळ्यावरचं जातं काढलं, धुतलं, मूठभर गहू घातले. दोन फेरे झाले आणि त्या म्हणायला लागल्या. हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही. वीस सेकंद वापरलेत, मागे दुसरं वाद्य नाही, जात्याचाच आवाज. ओव्या परंपरेच्या, पण गाणं आणि आवाज आजींचा, म्हणून त्यांची परवानगी लेखी घेतली आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव पहिलं आहे.

---

चॅनेलचालक

उत्पन्नाबद्दल वास्तव सांगतो, म्हणजे वहीतल्या वाटणीचा हिशेब मनात राहील. जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला यूट्यूबला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. (९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज हा दुसरा रस्ता.) ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुमचा दहा मिनिटांचा भाग लोक सरासरी चार मिनिटं बघतात असं धरलं तर ६०,००० व्ह्यूज. पाच भागांत विभागले तर भागाला बारा हजार. अशक्य नाही, पण आपोआपही होत नाही. शॉर्ट्स फीडमधला वेळ या चार हजारांत धरत नाहीत, तेव्हा नुसते तुकडे टाकून तास भरणार नाहीत. पाचही भाग हातात असल्याशिवाय पहिला टाकू नका. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी आलं की लोक वाट बघतात.

---

दूरदेशी

मी मेलबर्नला असते. माझी मुलं मराठी बोलतात, पण पुण्याची, माझ्यासारखी. "आसं हुईत न्हाई" त्यांना एकदा ऐकून कळणार नाही. सबटायटल देणार असाल तर इंग्रजीबरोबर मराठीतही द्या, जसं बोललंय तसंच्या तसं लिहून. वाचत वाचत ऐकलं की मुलांना बोली कळायला लागते. बोली सौम्य मात्र करू नका.

---

कृष्णाकाठ

बोली सौम्य करणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या 'गावाकडच्या गोष्टी' या वेबमालिकेने गावची भाषा तशीच ठेवली आणि ती महाराष्ट्रभर पोचली, तेव्हा तो प्रश्न आमच्यापुरता मिटलाय. मराठी सबटायटलची कल्पना सुचली नव्हती. लेखिका म्हणतेय ती स्वतः करेल, म्हणजे 'हुईत न्हाई'चं कुणी 'होत नाही' करणार नाही.

---

तालीमवेडा

तात्यांनी मालिका बघितली का? त्यांचं मत ऐकायचंय.

---

कृष्णाकाठ

काल रात्री गिरणी बंद झाल्यावर पहिला भाग तिथेच, पिठाच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून दाखवला. मावशीच्या प्रसंगाला हसले, डोळे पुसले. मग म्हणाले, परत लाव. परत लावला. दुसऱ्यांदा ते स्क्रीनकडे बघत नव्हते, मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "डब्यात गहू दाखवलाय आन् आवाज ज्वारीचा हाय."

आम्ही रेकॉर्डिंगची तारीख काढून बघितली. त्या दिवशी खरंच ज्वारीचं दळण चालू होतं. कुणाच्या लक्षात येणार, असं आमच्यातला एक जण म्हणाला. लेखिका म्हणाली, तात्यांच्या आलं ना.

उद्या मंगळवार. सकाळी सातला गव्हाचा पहिला घाणा लागतो, तेव्हा तात्यांनी बोलावलंय. दळणाचा आवाज परत घेतोय, आणि ते बसण्याचे नऊ सेकंदही, कारण गव्हाला किती लागतात ते अजून मोजलेलं नाही. @आवाजमित्र, माइक दगडापासून किती लांब ठेवू? मागच्या वेळी दोन फुटांवर ठेवला होता तर आवाज फाटला होता.

---

आवाजमित्र

सहा फूट, दगडाकडे थेट तोंड न करता भिंतीकडे थोडा वळवून. पातळी आधी तपासा, सर्वांत मोठ्या आवाजालाही काटा उणे बारा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. माइकवर फरचं कव्हर घाला, नाहीतर पीठ आत जाईल. दुसरा एक माइक रांगेत, बायका उभ्या असतात तिथे. त्यांना जसं ऐकू येतं तेच तुम्हाला हवंय.

---

कृष्णाकाठ

फरचं कव्हर नाहीये आमच्याकडे. सांगली-मिरजेत कुणाकडे असेल तर आज रात्री येऊन घेऊन जातो, उद्या दहापर्यंत परत आणून देतो.

---

मिरजकरीण

माझ्या भावाकडे आहे. निरोप केलाय, नऊनंतर या.